बारा जीबीची ओळ

सामायिक क्लस्टरवर जॉब टाकताना लिहायची स्क्रिप्ट दहा-बारा ओळींची असते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात प्रथिनांच्या रचनेवर काम करणारा एखादा संशोधक ती रात्री लिहितो, पुण्याच्या यंत्राकडे पाठवतो आणि निजायला जातो. त्यातली एक ओळ साधारण अशी: '--मेम=१२जी'. माझ्या कामाला १२ जीबी मेमरी राखून ठेवा, एवढंच ती सांगते. बहुतेकांनी ती सीनियरच्या जुन्या स्क्रिप्टमधून उचललेली असते आणि वर्षानुवर्षं ती तशीच पुढे सरकते. या ओळीमागे उभी असलेली रचना मात्र थांबून, निरखून पाहण्याजोगी आहे. संगणकशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी मला इतक्या देखण्या वाटतात.

आधी ती ओळ लिहिण्याची रीतच पाहा. क्लस्टरवरच्या जॉबची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्लर्म. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला आणि २००२ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आलं. स्लर्मला द्यायच्या सूचना हॅशच्या चिन्हाने सुरू होतात: '#एसबॅच'. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशच्या लेखी हॅशनंतरचं सगळं म्हणजे टिप्पणी. ते न वाचताच तो पुढे जातो. स्लर्म मात्र नेमकं तेच वाचतो. म्हणजे एकाच कागदाचे दोन वाचक आहेत आणि एकाला जे दिसत नाही तेवढंच दुसऱ्यासाठी लिहिलेलं आहे. नवी भाषा काढली नाही, वेगळी फाइल मागितली नाही. सूचनांच्या ओळी दुर्लक्षून हीच फाइल घरच्या लॅपटॉपवरही चालवता येते. आणखी एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. स्क्रिप्टमध्ये पहिली खरी आज्ञा आली की स्लर्म आपल्या सूचना वाचणं थांबवतो. मेमरीची ओळ चुकून त्या आज्ञेच्या खाली गेली तर ती उरते निव्वळ टिप्पणी, आणि कामाला मिळते क्लस्टरने ठरवलेली नेहमीची मेमरी. मागणी आधी, काम नंतर, हा शिष्टाचार फाइलीच्या मांडणीतच विणलेला आहे.

आता आकडा. पुण्याच्या आयसरमध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म डोळ्यांपुढे आणा. ज्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तिच्याच परंपरेतलं हे यंत्र. त्याच्या साध्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका संगणकावर, २४-२४ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे ४८ कोअर. आणि मेमरी १९२ जीबी. भागाकार करा: कोअरमागे चार जीबी. हा भागाकार मनात ठेवून रांगेकडे पाहिलं की बारा जीबीच्या ओळीचा अर्थ पालटतो. एक कोअर आणि बारा जीबी मागणारा जॉब कागदावर एका कोअरचा दिसतो, पण मेमरीच्या हिशेबात तो तीन कोअरची जागा अडवतो. असे सोळा जॉब एका नोडवर आले की मेमरी संपली आणि ३२ कोअर रिकामे राहिले. प्रत्यक्षात सोळाही मावत नाहीत, कारण नोडची सगळी मेमरी कधीच वाटली जात नाही. थोडी ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बाजूला ठेवावी लागते.

या पेचावर स्लर्मने काढलेला तोडगा मला फार आवडतो. कोअरमागे जास्तीत जास्त किती मेमरी मागता येईल, याची सीमा क्लस्टर चालवणारे ठरवू शकतात. समजा ती चार जीबी आहे आणि तुम्ही एका कोअरमागे बारा मागितली. तुमचा जॉब फेटाळला जात नाही, मेमरीही कापली जात नाही. स्लर्म गुपचूप कोअरची संख्या तीन करतो, म्हणजे कोअरमागे पुन्हा चार जीबीच होतात. तुम्हाला हवी तेवढी मेमरी मिळते आणि त्यापायी जे कोअर इतरांना वापरता येणार नव्हते ते तुमच्या खात्यावर लागतात. मेमरीची भूक कोअरच्या चलनात मोजण्याची ही युक्ती न्याय्य आहे. शिवाय तिच्यात कुठेही दटावणीचा सूर नाही.

'--मेम' हा आकडा नोडमागे असतो, एकूण कामासाठी नसतो, हेही ध्यानात घ्या. दोन नोड मागून १२ लिहिलंत तर प्रत्येक नोडवर १२. आणि आकड्याच्या जागी शून्य लिहिलंत तर त्याचा अर्थ नोडवरची सगळी मेमरी. ज्या कामाला संपूर्ण नोड खरोखरच लागतो, त्याच्यासाठी हे शून्य सगळ्यात प्रामाणिक लेखन आहे.

इथवरचं सगळं झालं वचन. आता ते वचन पाळून घेणारी यंत्रणा पाहू. खरी कलाकुसर तिथे आहे.

हे काम लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये होतं. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये प्रक्रियांचे गट बांधून त्यांना साधनं मोजून देण्याची कल्पना मांडली. सीग्रुप या नावाने ती जानेवारी २००८ मध्ये लिनक्समध्ये आली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या गटांना मेमरीची मर्यादा लावणारा भाग आला. तो भाग ज्या फाइलीत आहे, तिच्या अगदी माथ्यावर लेखक म्हणून नाव आहे आयबीएमच्या बलबीर सिंग यांचं. खालोखाल पावेल एमेलियानोव यांचं. आज जगभरच्या क्लस्टरवर आणि क्लाउडवर मेमरीची कुंपणं घातली जातात ती या फाइलीच्या आधारावर. स्लर्मने जॉबभोवती घातलेलं कुंपणही अशाच गटाचं.

तिची पहिली नजाकत हिशेबाच्या क्षणात आहे. प्रोग्रॅम जेव्हा मेमरी मागतो तेव्हा कर्नेल त्याला फक्त पत्ता देतो. खरी मेमरी त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहिलं जाईल तेव्हाच चिकटते, तीही सहसा चार-चार केबीच्या पानांनी. सीग्रुपची नोंदवही त्या पहिल्या स्पर्शालाच उघडते. तुमच्या प्रोग्रॅमने वीस जीबीची सारणी जाहीर केली आणि तिच्यातली दोनच जीबी भरली, तर खर्ची पडतात दोनच. बारा जीबी म्हणजे ३१ लाख ४५ हजार ७२८ पानं. एकेक पान स्पर्शागणिक मोजलं जातं, आणि दोन गट एखादं पान वाटून वापरत असतील तर ज्याने आधी स्पर्श केला त्याच्या नावावर ते पडतं.

यातूनच ते कोडं सुटतं ज्यावर नव्या संशोधकांच्या रात्री जातात. सारणी मागणारी ओळ बिनबोभाट पार पडलेली असते आणि प्रोग्रॅम मरतो कितीतरी पुढे, तिच्यात साधी शून्यं भरताना. लॉगमधली शेवटची ओळ ज्या ठिकाणाकडे बोट दाखवते तिथे चूक सापडत नाही, कारण मागणी जिथे झाली तिथे काहीच खर्च झालेलं नव्हतं. हे एकदा कळलं की लॉग वाचण्याची दृष्टीच बदलते.

दुसरी नजाकत तर आणखी तलम आहे. तुमचा जॉब मोठी फाइल वाचतो तेव्हा कर्नेल ती पानं पुन्हा लागतील म्हणून मेमरीत राखतो. ही राखीव पानंही तुमच्याच गटाच्या खात्यावर चढतात. चाळीस जीबीची फाइल वाचणाऱ्या जॉबचा आकडा त्यामुळे झरझर चढत मर्यादेला टेकतो आणि पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण तिथे कर्नेल आधी ही परत मिळवता येण्याजोगी पानं सोडून देतो. डिस्कवरून पुन्हा आणता येईल ते आधी जातं. प्रोग्रॅमने स्वतः रचलेल्या, दुसरीकडे कुठेच नसलेल्या मजकुराला हात लागत नाही. सोडण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हाच कठोर पाऊल. आकडा मर्यादेला टेकणं आणि मर्यादा मोडणं यांतला हा फरक यंत्राला कळतो, याची दाद द्यायलाच हवी. सीग्रुपची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये अधिकृत झाली. तिने आणखी एक पायरी दिली: एका उंबरठ्यावर जॉबचा वेग मुद्दाम मंदावतो, आणि अखेरची सीमा त्याच्याही वर असते.

आणि ती सीमा ओलांडलीच तर? पूर्वी, असे गट नसताना, नोडची मेमरी संपली की कर्नेलचा संहारक सबंध नोडवर नजर फिरवी आणि मुख्यतः मेमरीच्या वाट्यावरून बळी निवडी. हावरा जॉब एकाचा, पण मरे शेजाऱ्याचा प्रामाणिकपणे चाललेला मोठा जॉब. कधी नोडच्याच सेवा कोसळत. गटाच्या आत मर्यादा मोडली की हाच संहारक फक्त त्या गटात शोध घेतो. शेजारच्या ३६ कोअरवर कुणाचं हवामानाचं गणित चाललेलं असेल, त्याला काही कळतही नाही. छत्रपती संभाजीनगरात नहर-ए-अंबरी या जुन्या पाणीयोजनेच्या वाटेवर ठिकठिकाणी विटा-चुन्याचे उंच मनोरे उभे आहेत. डोंगराकडून खापराच्या नळांतून आलेल्या पाण्याचा दाब तिथे मोकळा व्हावा, पुढचा नळ फुटू नये, यासाठी मलिक अंबरच्या काळातली ही सोय. दाब जिथल्या तिथे जिरवायचा, पुढच्याच्या दारी जाऊ द्यायचा नाही, हीच समज मला सीग्रुपच्या भिंतीत दिसते.

जॉब मारला गेल्यावर येणारा निरोपही बारकाईने वाचण्यासारखा आहे. स्लर्मच्या जुन्या आवृत्त्या सांगत की मेमरी संपल्याची घटना घडली असून तुमच्या काही प्रक्रिया मारल्या गेल्या असाव्यात. 'काही' आणि 'असाव्यात' हे दोन्ही शब्द अचूक होते. संहारक सहसा एक प्रक्रिया मारतो, सगळा जॉब मारतोच असं नाही. स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाऊ शकते, शेवटपर्यंत पोहोचू शकते, निकालाची फाइलही तयार होऊ शकते. ती अर्धवट फाइल पूर्ण समजून कुणी शोधनिबंधात वापरू नये म्हणून जॉबच्या नोंदीवर 'आउट ऑफ मेमरी' असा शिक्का बसतो. मारल्या गेलेल्या प्रक्रियेचा निर्गम-अंक १३७ असतो: १२८ आणि त्यात ९, म्हणजे अडवता न येणाऱ्या सिग्नलचा क्रमांक. एवढ्या तीन अंकांत मृत्यू कसा आला ते लिहून ठेवलेलं असतं.

हाच प्रश्न वेगळ्या स्वभावानेही सोडवता येतो. पुण्याच्याच आयुकात गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणासाठी सारथी नावाचा क्लस्टर आहे. त्या शाखेत जॉबची रांग सांभाळतं ते एचटीकॉन्डर. तिथे मेमरी ओलांडणारा जॉब 'होल्ड'वर ठेवण्याची पद्धत आहे: तो थांबतो, रांगेतली त्याची नोंद टिकते, मागणी वाढवून त्याला पुन्हा सोडता येतं. हजारो छोट्या, एकमेकांवर न अवलंबणाऱ्या जॉबना ही सवलत शोभते. शेकडो कोअरवर एकत्र पावलं टाकणाऱ्या एका मोठ्या कामाला मात्र स्लर्मची तडकाफडकी शिस्तच बरी, असं माझं मत आहे.

या सगळ्या रचनेत मला एक जागा उणी वाटते, ती मोजदादीची. काम संपल्यावर स्लर्म मेमरीचा जो कमाल आकडा दाखवतो, तो बऱ्याच ठिकाणी ठरावीक अंतराने, नेहमीच्या मांडणीत दर तीस सेकंदांनी, घेतलेल्या नोंदींतून येतो. दोन नोंदींच्या मधल्या दहा सेकंदांत मेमरी शिखर गाठून उतरली तर तो आकडा ते शिखर दाखवत नाही. कुंपण मात्र क्षणाक्षणाला जागं असतं. त्यामुळे अहवालात नऊ जीबी आणि जॉब बारावर मेलेला, असं चित्र दिसू शकतं. त्यात कुणाचाच खोटेपणा नसतो. एक पानागणिक मोजतो आणि दुसरा घड्याळाप्रमाणे.

हे लक्षात ठेवून पुढचा जॉब संपला की त्याच्या क्रमांकावर 'सेफ' ही छोटी आज्ञा चालवून पाहा. मागितलेल्या मेमरीपैकी किती टक्के वापरली, हे ती एका ओळीत सांगते. १२ मागून दोनच लागलेली दिसली तर पुढच्या वेळी तीन लिहा. छोटी मागणी रांगेतल्या मोठ्या जॉबमधल्या फटीत लवकर बसते, तुमचं काम आधी सुरू होतं, आणि तुम्ही सोडलेले नऊ जीबी त्याच नोडवर दुसऱ्या कुणाच्या तरी जॉबला मिळतात.