पिंजऱ्यातला सिंह आणि माझी कविता

देलाक्रवाचं 'सिंहाची शिकार' मी पाहिलं ते बेटेगावात, रात्रपाळी करून आल्यावर, मोबाइलच्या काचेवर. डोळ्यांत झोप होती, ती उडाली. घोडे कोसळतायत, भाले घुसतायत, एक माणूस खाली चिरडलाय. रंग तर असा की डाइंग खात्यातलं लाल पिंप उपडं व्हावं. खोटं कशाला बोलू, आवडलं मला.

मग शोध घेतला. युजेन देलाक्रवा फ्रान्सचा. १८३० साली फ्रान्सनं अल्जीअर्स घेतलं, आणि १८३२ त हा बाबा सरकारी वकिलातीबरोबर शेजारच्या मोरोक्कोला गेला. वह्या भरून आणल्या. पण सिंह? ते त्यानं पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात बघून रेखाटले. १८५५ चं मोठं चित्र तर सरकारनंच जागतिक प्रदर्शनासाठी करून घेतलेलं. १८७० च्या आगीत त्याचा वरचा भाग जळाला.

म्हणजे बघा मित्रांनो. सिंह पिंजऱ्यातला, दाखवला मोकळा. मुलूख घेतला तोफेनं, आणि चित्रात रानटी कोण, तर फेटेवाले अरब. तोफवाला चित्रात नाहीच. तो तिकडे प्रदर्शनात उभा राहून बघतोय.

आपल्याकडे साहेबाच्या शिकारीत हाका घालायला आपलीच माणसं. वाघ पहिला त्यांच्या अंगावर. आमच्या पालघर-डहाणूकडचा वारली मात्र वाघाला देव करून वाघबारसीला पूजतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत माणूस, बैल, झाड सगळे एकाच पांढऱ्या रेघेचे. कुणी कुणाचा तमाशा नाही. (हल्ली तेच वारली कंपन्यांच्या भिंतींवर शोभेला काढतात, तो विषय निराळा.)

माझा जाच वेगळाय. आपल्या आधीच्यांनी १९७२ साली मुंबईत पँथर नाव घेतलं. ते जनावर रस्त्यावर उतरलं होतं. माझ्याही वहीत सात-आठ कवितांत वाघ-सिंह आहेत. मागे एका संमेलनात त्यातली एक वाचली. मी ओरडत होतो, पुढच्या खुर्च्या माना डोलवत होत्या. "काय आग आहे हो!" म्हणत एकानं पाठ थोपटली. कविता ज्या पोरावर होती तो टाकी साफ करायला उतरला आणि वर आलाच नाही. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. कवितेतही नव्हतं म्हणा, सिंहानं सगळी जागा खाल्लेली.

आता सिंह खोडलाय. पोराचं नाव, पाळी कुठली, टाकी किती फूट खोल, एवढं लिहितोय. जमलं तर पुढच्या अंकाला देतो.