आईस न सांगितलेली गोष्ट

आफ्रिका खंडांतील सुमारें तीस देशांत समलिंगी संबंध हा आजहि गुन्हा आहे. हे कायदे आपल्या संस्कृतीचें व कुटुंबाचें रक्षण करतात, असें त्यांचे पुरस्कर्ते सांगतात. या विधानाची परीक्षा करूं इच्छिणाऱ्या वाचकानें केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांचा ‘आई, मी समलिंगी आहे’ हा छोटा लेख अवश्य वाचावा. आपल्या २०११ च्या आत्मकथनांतील हरवलेलें प्रकरण म्हणून त्यांनीं तो जानेवारी २०१४ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच महिन्यांत नायजेरियांत असा नवा कठोर कायदा झाला होता. युगांडांत तो होऊं घातला होता.

लेखाचा विषय मात्र कायदा नव्हे. मृत्युशय्येवरील आईच्या कानांत मुलगा आपलें गुपित सांगतो आणि लगेच कबूल करतो कीं, असें घडलेंच नाहीं. २००० सालीं आई वारली तेव्हां तो दक्षिण आफ्रिकेंत होता. सांगावयाचें तें राहूनच गेलें. वाक्यें तुटक आहेत, काळाचा क्रम मोडलेला आहे. प्रथम वाचतांना हा दोष वाटतो. पुढें ध्यानांत येतें कीं, वर्षानुवर्षें दाबलेलें बोलणें असेंच अडखळत बाहेर पडावयाचें.

हे कायदे मुळांत परकीय आहेत, असें उत्तर पुष्कळ लोक देतात. तें खोटें नाहीं. केनियांत १९३० पर्यंत आपल्याकडील १८६० चा ‘इंडियन पीनल कोड’च लागू होता व त्यांत ३७७ वें कलम होतें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें तें रद्द केलें. केनियाच्या उच्च न्यायालयानें मात्र तेथील चौदा वर्षांच्या कैदेचें कलम २४ मे २०१९ रोजीं कायम ठेविलें. वाइनाइना तीनच दिवसांपूर्वीं निवर्तले होते.

तरी हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. बुर्किना फासोनें २०२५ सालीं असा कायदा केला तो कोणा इंग्रजाच्या हुकुमानें नव्हे. कायदा देशी ठरला म्हणजे तो न्याय्य ठरतो काय? वाइनाइना कायद्याची वंशावळ पाहत बसत नाहींत. ते एक घर दाखवितात. ज्या भयापायीं मुलगा आईशीं खरें बोलूं शकत नाहीं, तें भय पोसणारा कायदा कुटुंबाचें रक्षण करतो, हें म्हणणें त्या घरांत डोकावल्यावर टिकत नाहीं.