१९१३ म्हणून दिसणारे १९१७

चित्रपटाच्या इतिहासावरील माहितीपटात एक जागा ठरलेली असते. निवेदक सांगतो, ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आणि पडद्यावर राजा मुलाला धनुर्विद्या शिकवताना दिसतो. पाहणाऱ्याची खात्री पटते की आपण १९१३ साल पाहत आहोत.

फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली होती. आज उपलब्ध असलेली रिळे त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असे काही इतिहासकारांचे म्हणणे आहे. वाद मिटलेला नाही. पण माहितीपटात तो उमटतही नाही.

बोलण्याला जोड म्हणून घातलेल्या अशा दृश्यांना संकलक ‘बी-रोल’ म्हणतात. शब्द फिल्मच्या काळातला. १६ मिलिमीटरच्या कामात एकाआड एक दृश्ये ए आणि बी अशा दोन रिळांवर लावत, म्हणजे सांधा दिसत नसे. पुढे मुलाखत ती ‘ए’ आणि तिच्यावर टाकायची दृश्ये ती ‘बी’, असा अर्थ रूढ झाला. सांधा लपवणे हे काम मात्र कायम राहिले.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. आयझेनस्टाइनच्या ‘ऑक्टोबर’ (१९२८) मधील हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला क्रांतीनंतर दहा वर्षांनी रचून चित्रित केलेला. तरी तो पुढे अनेकदा १९१७ चे प्रत्यक्ष चित्रण म्हणून वापरला गेला. उलट एस्फिर शुबने १९२७ मध्ये झारच्या घरच्या चित्रफिती आणि जुनी वार्ताचित्रे जोडून ‘रोमानोव्ह घराण्याचा अस्त’ उभा केला. तिने चित्रांचा अर्थ उलटवला, पण त्यांची ओळख लपवली नाही. तेव्हा दोष उसन्या चित्रणाचा नाही, त्याचे मूळ न सांगण्याचा आहे.

कोणी म्हणेल, चार वर्षांनी काय बिघडते? कथा तीच, माणूसही तोच. पण त्या चार वर्षांत फाळके मुंबई सोडून नाशिकला गेले, १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन लंडनला जाऊन आले, महायुद्धाच्या ओढग्रस्तीत तगले आणि अनेक चित्रपटांचा अनुभव त्यांच्या गाठीशी जमा झाला. ती रिळे १९१७ ची असतील, तर त्यांतली चौकट आणि हालचाल पाहून ‘पहिल्याच प्रयत्नात केवढी सफाई!’ असे म्हणताना आपण त्यांची चार वर्षांची मेहनत पुसून टाकतो. गौरव करता करता अन्याय होतो तो असा.

‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्याच लघुपटाचेही तेच. त्यात काम करताना दिसणारे फाळके कुणी नकळत टिपलेले नाहीत. लोकांना कला समजावी म्हणून ते स्वतःच फाळक्यांची भूमिका करत आहेत. माहितीपटांत मात्र ते सहज टिपलेले क्षण होऊन येतात, आणि त्यांच्यातला शिक्षक हरवतो.

उपाय खर्चाचा नाही. दृश्याखाली एक ओळ हवी: चित्रण कशातले, साल कोणते, आणि साल वादग्रस्त असेल तर तसे. ग्रंथातल्या उताऱ्याखाली आधार नसला तर आपण लेखकाला जाब विचारतो. तोच जाब संकलकालाही विचारायला हवा. कारण छापलेल्या वाक्यावर वाचक शंका घेतो, डोळ्यांनी पाहिलेल्यावर सहसा घेत नाही.