एगुनेरो हास्तेन देलाको
एगुनेरो हास्तेन देलाको : बास्क कादंबरी (१९६९). शीर्षकाचा अर्थ ‘कारण ते दररोज सुरू होते’ असा आहे. सान सेबास्त्यान येथे जन्मलेल्या रामोन साइसार्बितोरिआ (१९४४– ) याची ही पहिली कादंबरी. चोमीन आगिरेच्या गारोआ (१९१२) या कादंबरीपासून बास्क कथावाङ्‌मयात ग्रामजीवन, धर्मनिष्ठा व परंपरा यांचा गौरव रूढ झाला होता. चिल्यार्देगीने १९५७ मध्ये ही चौकट मोडली. साइसार्बितोरिआने तिच्याबाहेर साठोत्तरी यूरोपातील सामाजिक उलथापालथ कादंबरीत आणली.

कथानकाचे दोन धागे आहेत. एकात जिझेल ही तरुण विद्यार्थिनी गर्भपातासाठी धडपडते; दुसऱ्यात रेल्वेस्थानकावरील एक अनामिक इसम अखंड बोलत राहतो. फ्रँकोच्या स्पेनमध्ये गर्भपात हा गुन्हा होता. काही अटींवर त्यास मुभा मिळाली ती १९८५ मध्ये. त्यामुळे हा विषय निवडणे हेच धाडस होते. मात्र जिझेल क्वचित व्यक्ती न राहता एका भूमिकेची प्रतिनिधी वाटते. त्या मानाने स्थानकावरील बडबड अधिक जिवंत आहे. समाजात बोलणारे पुष्कळ, ऐकणारे थोडे, ही जाणीव या दोन धाग्यांच्या विरोधातूनच होते. लेखकाला ती सांगावी लागत नाही.

१९६८ मध्ये आरान्तसासू येथे प्रमाण बास्क भाषेचा पाया घातला गेला. घर व शेत यांपुरती मानली गेलेली ही भाषा एका स्त्रीच्या स्वतःच्या देहाविषयीच्या निर्णयाचा भार पेलू शकते, हे पुढच्याच वर्षी या कादंबरीने दाखवून दिले. तिचे खरे महत्त्व यात आहे.