उपेक्खा की उपेक्षा? : संथ चित्रपटांच्या आस्वादाविषयी

संथ गतीचे व संयत अभिव्यक्तीचे चित्रपट प्रेक्षकाला काही देतात, की ते केवळ कंटाळवाणे असतात, हा प्रश्न आमच्या धम्मबांधवांत वरचेवर निघतो. विशेषतः चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचा विषय निघाला की तो हमखास निघतो. या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात. असे चित्रपट जाणकारांसाठी असतात, सामान्यांना ते कळावयाचे नाहीत, हे एक. आणि ज्यात काही घडतच नाही तो चित्रपट कसला, हे दुसरे. पहिल्या उत्तरात प्रेक्षकाचा अधिक्षेप आहे, दुसऱ्यात कलाकृतीचा. आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात.

या प्रश्नाचा उलगडा करण्यास पालि वाङ्मयातील एक संवाद उपयोगी पडतो. मज्झिमनिकायातील चूळवेदल्ल सुत्तात विशाख उपासक भिक्खुणी धम्मदिन्ना हिला वेदनांविषयी प्रश्न विचारतो. सुख आणि दुःख या दोन वेदना सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तिसरी अदुक्खमसुख, म्हणजे दुःखही नव्हे आणि सुखही नव्हे अशी. ही तिसरी वेदना सुखद की दुःखद? धम्मदिन्ना थेरीच्या उत्तराचा आशय असा की, तिच्यासोबत ज्ञान असेल तर ती सुखद आणि अज्ञान असेल तर ती दुःखद. याच वेदनेच्या तळाशी अविद्येचा अनुशय दडलेला असतो, हेही ती सांगते. आपणही हेच उत्तर दिले असते, असे सांगून भगवंतांनी पुढे तिची प्रशंसा केली आहे.

संथ चित्रपट प्रेक्षकाला बहुतांशी याच तिसऱ्या वेदनेच्या प्रदेशात नेतो. तेथे गाण्याचे सुख नसते, मारामारीचा थरार नसतो, पार्श्वसंगीत अश्रूंना हाक घालीत नाही. अशा वेळी पडद्यावरील गोष्टीचे ज्ञान होत असेल तर तोच अवधी रसपूर्ण होतो; होत नसेल तर कंटाळा येतो. मात्र या ज्ञानाची जबाबदारी दोघांची आहे. प्रेक्षकाने लक्ष दिले पाहिजे, हे खरे. परंतु लक्ष देऊन जाणावे असे काही तेथे दिग्दर्शकाने ठेवलेलेही असले पाहिजे. रिकाम्या चौकटीकडे कितीही वेळ पाहिले तरी ती रिकामीच राहते.

सामान्य माणसाला संथपणा सोसत नाही, हा समज सिंधुदुर्ग जिल्ह्यात तरी टिकणारा नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की मालवण, वेंगुर्ले, कुडाळ या भागांत गावोगाव दशावतारी नाटके होतात. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. आरंभीच्या आडदशावतारात संकासुर येतो, मग मुख्य आख्यान लागते. लिखित संहिता नसते. पात्रे संवाद आयत्या वेळी रचतात, आणि एकेक वादविवाद कितीतरी वेळ रंगतो. दिवसभर रापण ओढून किंवा मजुरी करून आलेला माणूसही तो ऐकत बसतो. त्या आख्यानांतील पुराणकथा आम्हा बौद्धांना मान्य होण्याचे कारण नाही. परंतु प्रेक्षकाविषयीचा जो धडा तेथे मिळतो, तो नाकारण्याचेही कारण नाही. या प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार यासाठी तो जागत नाही, आजचा नट हा प्रसंग कसा पेलतो हे पाहण्यासाठी जागतो. काय पाहावयाचे हे त्याला कळलेले आहे, म्हणून त्याला कंटाळा येत नाही.

कोकणच्या संदर्भात ‘श्वास’ (२००४) हा संदीप सावंत दिग्दर्शित चित्रपट येथे आठवतो. त्याच्या चित्रीकरणात सिंधुदुर्गातील स्थळांचाही समावेश होता. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविणारा हा दुसरा मराठी चित्रपट होय. कोकणातील एक आजोबा नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. कथा एवढीच. मुलाला हे सांगावयाचे कोणी आणि कसे, यातच चित्रपटाचा मोठा भाग जातो. रुग्णालयातील वाट पाहणे येथे भरताड ठरत नाही, कारण उरलेला प्रत्येक क्षण हा त्या मुलाच्या पाहण्याचा क्षण आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला शहर दाखवावयास नेतात, तेव्हा साधा रस्ताही आपण डोळे भरून पाहतो. धम्मदिन्ना थेरीच्या उत्तराचा हा प्रत्यय आहे.

तथापि, यापेक्षा गंभीर असा एक आक्षेप आमच्या चळवळीतून घेतला जातो. आमची कला ही मुळात उच्चरवाची कला आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत आमच्या शाहिरांनी अन्याय खड्या आवाजात सांगितला, कारण हळू बोललेले कोणी ऐकत नव्हते. मग संयत शैली ही ज्यांच्या अंगाला झळ लागलेली नाही अशांची चैन तर नव्हे?

हा आक्षेप आम्ही महत्त्वाचा मानतो. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात उपेक्खेचा निकटचा शत्रू कोणता हे सांगून ठेवले आहे. राग आणि द्वेष हे तिचे दूरचे शत्रू. ते चटकन ओळखू येतात. निकटचा शत्रू म्हणजे अञ्ञाणुपेक्खा, अज्ञानातून येणारी बेफिकिरी. ती दिसते उपेक्खेसारखीच, म्हणून ती फसवते. उपेक्खा म्हणजे पूर्ण जाणून राखलेला समभाव. मराठीत मात्र ‘उपेक्षा’ या शब्दाला दुर्लक्ष हाच अर्थ चिकटला आहे. संथ चित्रपटाची कसोटी नेमकी येथे आहे. त्याचा स्थिर कॅमेरा उपेक्खेने पाहतो की उपेक्षा करतो?

‘कोर्ट’ या कसोटीला लावून पाहू. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली ‘ओरिझोन्ती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आणि पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविलेल्या या चित्रपटात नारायण कांबळे हे वयोवृद्ध लोकशाहीर केंद्रस्थानी आहेत. त्यांचे गीत ऐकून एका गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप आहे. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली. १३ एप्रिल २०२१ रोजी कोविडने त्यांचे निधन झाले. शाहिरीचे संगीत संभाजी भगत यांचे आहे. म्हणजे या चित्रपटात उच्चरव आहेच. शाहीर खड्या आवाजात गातो. कॅमेरा तेवढा दूर आणि स्थिर उभा राहतो.

न्यायालयातील दृश्ये लांबच लांब आहेत. जुनी कलमे वाचली जातात, साक्षी नोंदविल्या जातात, पुढची तारीख पडते. एका स्त्रीने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचे प्रकरण न्यायाधीश ऐकतच नाहीत. हे सारे कंटाळवाणे आहे, आणि तसे असणे हाच येथील आशय आहे. कांबळे यांना जी शिक्षा भोगावी लागते ती निकालाची नव्हे, तारखांची. दोन तासांत आपल्याला आलेला कंटाळा शाहिराच्या महिन्यांचा अल्पसा अंश आहे, हे ध्यानात आले की त्या अवधीचे रूप पालटते. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष पाहावी. गटारात उतरण्यापूर्वी नवरा खडा टाकून पाही. झुरळ बाहेर आले तर आत प्राणवायू आहे असे समजे. हे ती कोरड्या आवाजात सांगते. संगीत नाही, अश्रू नाहीत. आरोप खोटा आहे आणि मृत्यू व्यवस्थेने घडविला आहे, हे कोणी न सांगता आपल्याला कळते. येथे संयम हा दुर्लक्षाचा नाही, जाणण्याचा आहे.

तरीही एक उणीव दाखविणे आम्हाला आवश्यक वाटते. हा चित्रपट बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, त्याच्याबरोबर बाजारहाट करतो. सरकारी वकिलीणबाईंच्या स्वयंपाकघरात रेंगाळतो. शेवटी न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. कांबळे आरंभी मुलांना शिकविताना दिसतात, परंतु त्यांच्या घरगुती जीवनाला एवढा निवांत अवधी मिळत नाही. त्या विधवेलाही नाही. संथ चित्रपटात अवधी हेच खरे धन असते, आणि त्याचे वाटप येथे विषम झाले आहे. व्यवस्था चालविणाऱ्यांचे दैनंदिन जीवन आपल्याला तपशिलाने कळते, तिच्याखाली चिरडलेल्यांचे पुरेसे कळत नाही. एवढ्या मर्यादेत शाहिरी परंपरेचा आक्षेप खरा ठरतो. असे असूनही, न्यायालयाचे दिवे मालवून पडदा अंधारात ठेवणारा आणि नंतर बाकावर पेंगणाऱ्या न्यायाधीशांकडे शांतपणे पाहावयास लावणारा शेवट आमच्या मते मराठी चित्रपटातील अत्यंत जागृत क्षणांपैकी एक आहे.

राहिला प्रेक्षकाच्या पेंगण्याचा प्रश्न. अंगुत्तरनिकायात महामोग्गल्लान थेर ध्यानाला बसले असता पेंगू लागतात, असा प्रसंग आहे. भगवंत त्यांना दोष देत नाहीत, उपाय सांगतात : ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर, पाठ म्हण, डोळ्यांवर पाणी मार, चंक्रमण कर, आणि काहीच साधले नाही तर स्मृती राखून थोडे नीज. श्रमून आलेल्या प्रेक्षकाशी समीक्षकाने असेच वागावे. त्याला अरसिक ठरवू नये, काय पाहावे हे सांगावे.

आमच्या समाजाला ही रीत नवीन नाही. वर्षावासात विहाराविहारांतून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तीन महिने, रोज थोडे थोडे, आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे. याच पद्धतीने विहारांत ‘कोर्ट’सारखा चित्रपट दोन भागांत दाखवावा, मध्ये थांबून चर्चा करावी, आणि त्या साक्षीच्या दृश्यानंतर आपल्या गावातील सफाई कामगारांना खडा टाकून पाहावे लागते काय, हे उपासक-उपासिकांनी परस्परांना विचारावे, अशी आमची सूचना आहे.