गोंडी कोणाची बहीण?

गोंदिया जिल्ह्याच्या माहितीत 'बोलीभाषा : गोंडी, हलबी, पोवारी' अशी ओळ सर्रास आढळते. ओळ छोटी आहे, पण ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची आहे. मासा, बेडूक आणि देवमासा हे 'पाण्यातले प्राणी' म्हणून एका रांगेत बसवावेत, तसा हा प्रकार झाला. एका तालुक्यात राहिल्याने भाषांचे नाते ठरत नाही.

पोवारी आणि हलबी या मराठी-हिंदीच्या कुळातल्या, म्हणजे भारतीय-आर्य. त्यांची जागा कोणती याबद्दल मात्र मोजणारेच डळमळीत आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या खंडात हलबी मराठीखाली, तीही 'मोडक्या' बोलींत घातली होती. 2011 च्या जनगणनेत ती स्वतंत्र भाषा आहे, तर पोवारी हिंदीच्या पोटात. बोलणारे तेच, कप्पे मात्र बदलतात. 'मोडकी' हा शब्द तर शास्त्राचा नव्हेच. स्वतःच्या नियमाने चालणारी भाषा मोडकी कशी?

गोंडीची गोष्ट निराळी. ती द्राविडी कुळातली. मराठीत 'नाक' म्हणजे नासिका, गोंडीत 'नाक' म्हणजे 'मला'. तेलुगूत 'मला' म्हणजे 'नाकु'. वर्गातले गोंड मूल असे काही बोलले, तर ती अशुद्ध मराठी समजून लाल शाईने सुधारायची गोष्ट नाही. काल्डवेल यांनी 1856 च्या तौलनिक व्याकरणातच गोंडीला द्राविडी भाषांत बसवले होते, तरी शिक्षकांपर्यंत ही गोष्ट पोचलेली दिसत नाही.

पण द्राविडी भाषांत तिची जवळची बहीण कोणती? येथे नुसते 'सारखे शब्द मोजा' ही पद्धत फसवते. फळ्यावर अंक मांडून पाहा. पाच आणि सहा यांना तमिळमध्ये 'ऐंदु, आरु', तेलुगूत 'ऐदु, आरु', गोंडीत 'सैयुंग, सारुंग'. यावरून कोणीही म्हणेल की तमिळ-तेलुगू सख्ख्या आणि गोंडी परकी. प्रत्यक्षात मूळ द्राविडी शब्दांच्या आरंभी चकारासारखे व्यंजन होते. गोंडीत त्याचा 'स' होऊन टिकला, इतर दोघींत ते गळून पडले. जुने जपणे हा नात्याचा पुरावा नव्हे. गळणेही पुष्कळदा वेगवेगळ्या घरी आपापले घडते.

पुरावा हवा तो दोघींनी मिळून केलेल्या नव्या बदलाचा. तो 'दोन'मध्ये सापडतो. तमिळ 'इरंडु', कन्नड 'एरडु', दोन्ही स्वराने सुरू होतात. मूळ द्राविडीत शब्द 'र'ने सुरू होत नसे. तेलुगूत मात्र 'रेंडु' आणि गोंडीत 'रण्ड'. आधीचा स्वर गेला आणि 'र' पुढे आला. असे बदल शब्दामागून शब्दांत दिसतात, म्हणून भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी गोंडीला तेलुगू आणि ओडिशातील कुई यांच्यासोबत एका शाखेत ठेवले. यवतमाळची कोलामी नकाशावर आपल्याला जवळची, पण 'दोन'ला ती 'इंदिंग' म्हणते आणि तिची शाखा वेगळी.

जुन्या सर्वेक्षणाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. उधळ्या मुलाची बायबलातली गोष्ट ठिकठिकाणी भाषांतरित करून घेतली गेली, आणि नमुने जमवले ते बहुधा सरकारी अंमलदारांमार्फत. 'गोंडी' हे एक नाव देऊन मोकळे होणे त्यामुळे सोपे झाले. प्रत्यक्षात गोंडी ही बोलींची लांबलचक साखळी आहे. 2011 मध्ये ती सुमारे 29 लाख 84 हजार लोकांची मातृभाषा होती. मीठ या शब्दात उत्तर-पश्चिमेकडे 'सोवर'सारखा 'स' टिकून आहे. दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे त्याचा 'ह' होतो, कुठे तोही गळून 'ओवर' उरते. तमिळ-तेलुगूतले 'उप्पु' हे याच मुळातून आले, तेथे ही गळती कित्येक शतके आधी झाली. तोच बदल गोंडीत अजून अर्ध्या वाटेवर आहे! कृष्णमूर्तींनी 1998 मध्ये यावर स्वतंत्र लेख लिहिला.

सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून गोंड समाज येतो. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन तेथे मीठ, पाच आणि सहा हे तीनच शब्द विचारावेत आणि सांगणाऱ्याच्या गावाचे नाव शेजारी लिहावे.