प्रवासवर्णन आणि जवळचे नगर

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) लंडन-पॅरिसच्या स्मारकांइतकीच तेथील माणसे कुतूहलाचा विषय होतात. परके, बहुजिनसी नगर वाचकाला त्यामुळेच परिचित वाटू लागते. या दृष्टीची खरी कसोटी जबलपूरसारख्या नगरात लागते. तेवरचे कलचुरी अवशेष, गोंडांचा मदनमहाल, १८१७ पर्यंतचा मराठी अंमल आणि पुढची इंग्रजी छावणी असे थर येथे एकावर एक साचले आहेत; पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेली मराठी कुटुंबेही त्यांतच मोडतात. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांपाशीच थांबणारे प्रवासवर्णन या थराला पारखे होते. युरोपीय नगराविषयीचे कुतूहल येथेही जागे राहिले, तर या वाङ्मयप्रकाराला स्वतःच्या भाषेचा विस्तार उमगेल.